पालथं सूप

मुकादमीणबाई, जिवंत होतीस तोवर तुला अहो-जाहो केलं. आता अगं म्हणते. तू गेलीस त्या वयापेक्षा मी वीस वर्षांनी मोठी झाले आहे आणि तुला उठून माझ्या अंगावर येता येणार नाही, तेव्हा ऐक. माझी नात हे लिहून घेते आहे, म्हणून माझं बोलणं इस्त्री केल्यासारखं दिसेल. मला अक्षर येत नाही. तुलाही येत नव्हतं, पण हजेरीची वही छातीशी धरून अशी चालायचीस की जशी काही तूच लिहिली आहेस.

अकोल्याची ती डाळमिल अजून डोळ्यांसमोर येते. भिंतीलगत आम्ही चौदा बायका, मांडीवर सूप, तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसलेल्या. तू मागून येतेस. एखादीच्या सुपात खडा दिसला की सूप उचलतेस आणि सगळ्यांसमोर फरशीवर पालथं करतेस. मग बाकीच्यांनी हात थांबवायचे आणि तिनं दाणा न दाणा वेचेपर्यंत बघत बसायचं, हा तुझा कायदा. माझ्या चौथ्याच दिवशी तू माझं पालथं केलंस. "डोये घरी ठेवून आली काय वं?" म्हणालीस. बायका हसल्या. हसल्या नसत्या तर त्यांचंही पालथं झालं असतं. त्या दिवसापासून तुझं वाईट चिंतत आले. तू मेलीस त्या दिवशी मी घरी भजे तळले, आणि चांगले झाले होते.

मग तुझ्या जागी मालकानं मलाच बसवलं. तिसऱ्या दिवशी एका सुपात खडा दिसला. सूप कसं धरायचं हे जिनं मला शिकवलं, जिच्या फडक्यातला ठेचा मी रोज खाल्ला, तिचं सूप. तिची नजर कमी झाली होती, हे मला ठाऊक होतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, ही नवी काय करते म्हणून. मी पालथं केलं. ती वाकलीच नाही. पदर झटकला, "मोठी झाली माय तू," एवढं म्हणाली आणि गेली ती परत आली नाही. त्यानंतर कोणाच्या सुपात खडा सापडला नाही, हे खरं. पण मी जवळ गेले की रांगेतलं बोलणं बंद व्हायचं, आणि पुढची अकरा वर्षं मी माझी भाकर एकटीनं खाल्ली.

आता ही नात. इथं अमरावतीत तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढतात. गेल्या महिन्यात हिला आठ जणांवर टीम लीडर केलं. रडवेली होऊन घरी आली. "आजी, माहं कोनी ऐकतच नाही. तू कशी सांभायत होती इतक्या बायकाइले?" मी मिशा असल्यासारखा पीळ देत सूप पालथं केल्याचं सांगितलं, खडे थांबल्याचं सांगितलं. पुढचं गिळलं. सोमवारी एका पोरीनं नकाशात रस्ता थेट तलावातून नेला. हिनं तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला आणि विचारलं, "इथून लोकाइनं पोहत जायचं काय?" सगळे हसले. ती पोरगी दोन दिवस कामावर नाही, फोन उचलत नाही. काल हिच्या टेबलावर डबा खायला कोणी आलं नाही. "तुह्यासारखंच त केलं," म्हणते. माझ्यासारखं नाही, बाई, तुझ्यासारखं. मरून इतकी वर्षं झाली तरी तुझा हात काही थांबत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही. नातीला तोंडावर सांगणं जमेना, म्हणून तुझं निमित्त केलं. तेवढाच तुझा उपयोग. ठेचा देणारीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, मी गेले नाही. ही मात्र उद्या सकाळी त्या पोरीच्या घरी जाणार आहे. "काय बोलू, आजी?" विचारते. म्हटलं, "पहिले म्हन, चुकली मी. तलावाचं मंग पाहू."

एक राहिलं. याला इस्त्री नको करू गं, जसंच्या तसं लिही. त्या ठेचावालीची डाय फरशीवर पडली तवा तो आवाज मले गोड लागला होता.

पेन थांबलं बघ हिचं. "मलेही बरं वाटलं होतं, आजी, समदे हसले तवा," म्हणते. म्हटलं, तेही लिही.