दोन नंबरचं इंजिन

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी मनू अंगणातून पळत आली ती वाळत घातलेल्या पापडांवरूनच. तीन तुडवले. ओरडणार होते, पण लेकीचा चेहरा बघितला. "आई, बोलावलंय. जेटवर!"
पायलटचं लायसन्स हातात येऊन अडीच वर्षं झाली, पोरगी माझ्याबरोबर पोह्याचे पापड लाटतेय. आता मुंबईच्या एका छोट्या कंपनीला को-पायलट हवाय. आठ माणसांचं जेट, मागे दोन इंजिनं. मार्चमध्ये ट्रेनिंग, शेवटी सिम्युलेटरमध्ये परीक्षा. नापास झाली तर जागा दुसऱ्याला. यादीत दुसरा तयार आहेच.
दिवसभर लाटण्यात लक्ष नव्हतं. शेजारची सुगंधाबाय लाटायला आली ती म्हणाली, "गो, हे पापड हायत का भाकऱ्या?"
ह्यांच्या फोटोला सांगायला गेले. काच पुसून परत आले.

४ फेब्रु., बुध
कंपनीने पुस्तक फोनवर पाठवलं. मनूने नाक्यावर छापून घेतलं, इंजिनांचा भाग वेगळा बांधून माझ्या हातात दिला. "तू विचार, मी सांगते." मी सातवीपर्यंतची. इंग्रजी शिकले ती डिक्शनरी मांडीवर घेऊन, हे डोलवीच्या कारखान्यात नाईट शिफ्टला असायचे त्या वर्षांत. हे इंग्रजी वेगळंच. गोडबोलेपणा नाही, सगळे हुकूम. उलट सोपं गेलं.
कॉकपिटचं चित्र, खऱ्या मापाचं, मसाल्याच्या फळीखाली चिकटवलं. दोन इंजिनांच्या दोन दांड्या म्हणजे माझी दोन लाटणी, स्टुलावर. डावं एक नंबर, उजवं दोन नंबर.

७ फेब्रु., शनि
आज इंजिन चालू करायला शिकले. कागदावर!
आधी स्टार्टर इंजिनचा आतला गाभा फिरवतो. तो किती फिरला ते एन-टूच्या काट्यावर. पुरेसा फिरला की मगच इंधन. मग तापमान चढतं, तिथून नजर हलवायची नाही. फार झपाट्याने चढलं तर इंधन लगेच बंद, पण फिरवणं चालू ठेवायचं, आतली धग बाहेर पडेपर्यंत. मी म्हटलं, गॅस आधी सोडला आणि काडी मागाहून ओढली की भडका उडतो, तसंच ना?
"तसंच. फक्त ही शेगडी चाळीस हजार फुटांवर न्यायचीय."
बंद करतानाही एकदम नाही. जमिनीवर आल्यावर दोन मिनिटं मंद चालू ठेवायचं, निवू द्यायचं. मला हे इंजिन आवडायला लागलंय.

११ फेब्रु., बुध
आज आगीचा धडा. विमान उडतानाच इंजिन पेटलं, तरी चारशे फूट चढेपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही. विमान सरळ धरायचं, चाकं वर घ्यायची, बस्स. मग कोणतं इंजिन ते मोठ्याने म्हणायचं, त्याच्या दांडीवर हात ठेवायचा. दुसऱ्या पायलटने स्वतः बघून 'कन्फर्म' म्हणायचं. तेव्हाच दांडी मागे. घाईत चांगलंच इंजिन बंद करणारी माणसं होऊन गेलीत म्हणे.
दुसरी पायलट मी. समोर पोळपाट. मनू ओरडली, "नंबर दोन, फायर!" आणि हात एक नंबरच्या लाटण्यावर. मी लाटीकडे बघत म्हटलं, "कन्फर्म." तिने लाटणं ओढलं.
लाटायला बसलेली सुगंधाबाय म्हणाली, "एक जलतंय, दुसरा तुम्ही बंद केलाव. मंग मना कासू टेसनावर उतरवा गो!"
हसून हसून पोटं दुखली. मनूही हसली. भांडी घासताना मात्र मला हसू येईना. तिने घाई केली, आणि मी बघितलंच नाही.

१५ फेब्रु., रवि, रोहा
माहेरी दादाकडे. दादाची नेहमीची थट्टा. "काय पायलटीणबाई, विमान कुठं ठेवलंस?"
मनू म्हणाली, "गच्चीवर, मामा. वाळत घातलंय."
निघताना दादाने मला हळूच विचारलं, "उडता उडता इंजिनच गेलं तर काय करतात गो?" स्टेशनपर्यंत सांगत गेले. चारशे फूट, दांडी, कन्फर्म. मी बोलतेय आणि दादा ऐकतोय, असं आयुष्यात पहिल्यांदा.

१९ फेब्रु., गुरु
आज ठरवून गप्प राहिले. "नंबर एक, फायर." हात बरोबर दांडीवर होता. मी कन्फर्म म्हटलं नाही. तरी ओढली. पुन्हा. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदाही.
म्हटलं, "तू थांबत नाहीस."
"बरोबर दांडी होती ना?"
"आज होती."
"तू नको मला थांबायला शिकवू, आई. तू थांबलीस म्हणून तर..."
लाटणं स्टुलावर ठेवलं, चपला घातल्या, गेली.
पुढचं मला ठाऊक आहे. त्या दुपारी ह्यांच्या छातीत दुखत होतं. ती रिक्षा आणायला निघाली होती. मीच म्हटलं, पित्त असेल, चहा घेऊ दे त्यांना, ऊन उतरलं की जाऊ. एप्रिलमध्ये चार वर्षं होतील. चहा अर्धाच प्यायले होते.

२० फेब्रु., शुक्र
सकाळी मनू पीठ मळायला बसली. मीच म्हटलं, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी चुकले." चार वर्षांत हे तोंडातून निघालं नव्हतं.
"माहीत आहे गं." मग पीठ मळता मळता, "तेव्हापासून कोणी थांब म्हटलं की माझा हात आपोआप पुढे जातो."
मी म्हटलं, "त्या दिवशी मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नाही, मनू. न बघताच पित्त म्हटलं. पुस्तकात थांब लिहिलंय ते बघण्यासाठी."
हात पिठाचेच, ती तशीच उठून कॉकपिटच्या चित्रासमोर बसली. वीस वेळा केलं असेल. एकदा मी मुद्दाम दुसऱ्या लाटण्याकडे बघत "कन्फर्म" म्हटलं. तिने हात हलवला नाही. "आई, नीट बघ." इतका आनंद झाला की हातातली लाटी चपटीच झाली!

१ मार्च, रवि
गेली. दिल्लीच्या बाजूला ट्रेनिंग. छापलेलं पुस्तक मलाच ठेवलं. सुगंधाबायने पापडांचा पुडा दिला, "तिकरच्या मास्तरला दे, पास करील."
घरात शांत आहे. स्वयंपाक करता करता मी अजून इंजिनं चालू करते. आधी एक, मग दोन.

१७ मार्च, मंगळ
परीक्षा. सकाळपासून फोन हातात. एक वाजता वाजला. मी हॅलो म्हणायच्या आत ती सुटलीच.
उड्डाणातच आग दिली. दोन नंबर. चारशे फुटांपर्यंत हात लावला नाही. "मग दांडीवर हात ठेवला, आई, आणि शेजारचा पायलट लगेच म्हणाला कन्फर्म. बघत होता समोर! मी म्हटलं, बघून सांग. त्याने बघितलं. मग ओढली." परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं. मी इकडे उड्याच मारत होते. या वयात.
मग म्हणाली, "पण एका इंजिनवर उतरताना विमान डावीकडे गेलं. बरंच." तेवढा भाग उद्या सकाळी दहाला परत द्यायचा. जमला तर पास. नाही तर यादीतला दुसरा.
"घाबरलीस?"
"नाय गो," अगदी सुगंधाबायच्या आवाजात. "भूक लागलीय."
उद्या पापड बंद. सुगंधाबाय तरी येणार म्हणते, फोनजवळ बसायला.
पुस्तक काढलं. एका इंजिनवर उतरायचं प्रकरण आम्ही घरी केलंच नव्हतं. पेन्सिलीची एक खूण नाही. पहिली ओळ लावली: पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या पट्ट्या, नेहमीपेक्षा कमी सोडायचे. का, ते या पानावर दिलेलं नाही. पान उलटते.