बायनाबाईच्या विहिरीवर

९ फेब्रुवारी १९८७

पोचले एकदाची! वाईत सगळ्यांनी बीड जिल्ह्याची इतकी धास्ती घातली होती, की मी पाण्याचा तांब्या सोडून अख्खी कळशी घेऊन निघाले होते. शिरूरच्या पुढे फाट्यावर उतरले, तर इथल्या दूध संस्थेचे चेअरमन भगवानराव स्वतः हार घेऊन उभे. दूध संघाची नवी पर्यवेक्षिका म्हणजे कुणी जाडजूड, चष्मेवाली बाई असणार असं त्यांनी धरलं होतं. मला बघून हार कुणाला घालावा हेच त्यांना कळेना. शेवटी मीच मान पुढे केली.

काम तसं सोपं आहे. दुष्काळात जनावरं जगावीत म्हणून इथल्या सहकारी दूध संस्थेनं माळावर छावणी उघडली आहे. तिथे चारापाणी नीट होतंय की नाही, ते संघाच्या वतीनं मी बघायचं. निम्मं गाव ऊस तोडायला गेलंय, दारांना कुलपं आहेत. राहिलीत ती म्हातारी माणसं आणि गुरं. मला चाऱ्याच्या गोदामाला लागून खोली दिली आहे आणि शेजारची ताराबाई स्वयंपाक करून देणार आहे. पहिल्याच जेवणाला म्हणाली, “कावून इतकं कमी खाता? घरी उपाशी ठेवलंतं का तुमाला?” मला ती फार आवडली.

१२ फेब्रुवारी

छावणीचं खरं दुखणं चारा नाही, पाणी आहे. टँकरचा भरवसा नाही. साऱ्या शिवारात पाणी धरून असलेली विहीर एकच, आणि ती बायनाबाईची. तिची एकुलती लेक छबू दसऱ्याच्या सुमारास त्याच विहिरीत पाय घसरून गेली. तेव्हापासून म्हातारीनं फाटकावर बाभळीच्या फांद्या रचल्या आहेत आणि थेंबभर पाणी कुणाला देत नाही. सरकारी माणूस विहीर ताब्यात घ्यायचा कागद घेऊन आला, तर काठावर जाऊन उभी राहिली, उडी घेते म्हणाली. तो कागद खिशात घालून परत गेला.

आज भगवानराव मला तिच्याकडे घेऊन गेले. हाडांचा सापळा राहिला आहे नुसता. खात नाही, बोलत नाही. मी वाकून नमस्कार केला तर तिनं माझी हनुवटी धरून वर उचलली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, “उंची तीच हाय.” भगवानराव तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले.

१३ फेब्रुवारी

देव पावला! सकाळी बायनाबाईनं फाटकाच्या फांद्या स्वतःच्या हातानं बाजूला केल्या. गुरं पोटभर प्यायली. सगळे म्हणतात, माझा पायगुण. आता माझी कॉलर ताठ.

२० फेब्रुवारी

पायगुण गेला खड्ड्यात. चाऱ्याचा भुसा आणि माळभर माजलेलं गाजरगवत, दोन्ही माझ्या जिवावर उठलंय. शिंकून शिंकून नाक लाल झालंय आणि अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या आहेत. शिरूरच्या डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी लिहून दिली. बजावून सांगितलं, की रात्री झोपताना एकच घ्यायची, जास्त नाही, दिवसा तर मुळीच नाही. झोप फार येते म्हणे, माणूस बधिर होतो. परत येताना मी ते सगळं ताराबाईला आणि भगवानरावांना हसत हसत सांगितलं. भगवानरावांनी माझ्याकडून चिठ्ठी घेतली आणि ओळखीच्या दुकानातून अख्खा डबाच आणला. माणूस दिलदार आहे. डबा ताराबाईच्या फळीवर ठेवलाय, माझ्या खोलीत उंदीर फार.

१ मार्च

खाज गेली, शिंका गेल्या. असं औषध शोधणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. फक्त आता दिवसासुद्धा पेंग येते. दुपारी ताराबाईचा गुळाचा चहा प्यायला, की डोळे उघडे ठेवणं मुश्कील होतं. उतरत्या उन्हात जाग येते तेव्हा तोंडाला कोरड असते.

आज एक नवलच पाहिलं. गहिनीनाथ म्हणून एक जुना गुराखी छावणीत आहे. एका म्हशीचं पारडू मेलं आणि ती पान्हा चोरायला लागली. त्यानं पारडाचं कातडं सोलून त्यात भुसा भरला, शिवलं आणि ते तिच्यापुढे उभं केलं. म्हैस ते चाटायला लागली आणि सडांतून धारा लागल्या. बघून कसंतरीच झालं. मी विचारलं, तिला कळत नाही का हे आपलं नाही म्हणून? तर म्हणाला, “कळतंय की. पन चाटायला कायतरी लागतंय.” ताराबाई शेजारीच उभी होती. ती हसली नाही.

१४ मार्च

काल दुपारी झोपले तेव्हा केस मोकळे होते. उठले तेव्हा चापून तेल लावलेलं, मधला भांग, घट्ट अंबाडा. हातात हिरव्या बांगड्या. ताराबाई म्हणते, तुमीच तर घातल्या, इसरलात. मी विसरभोळी आहे, मान्य. पण अंबाडा घालायला मला येतच नाही.

छावणीत माणसं माझ्याशी पूर्वीसारखी थट्टा करत नाहीत. मी आले की आवाज खाली जातात. विहिरीचं फाटक मात्र रोज उघडं असतं. बायनाबाई आता जेवते म्हणे, तिच्या अंगावर मूठभर मांस चढलंय.

२३ मार्च

डावा हात सुजला आहे. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, ठणका मारतोय. पुन्हा गांधीच असणार. ताराबाईनं हळद लावून फडकं बांधलं आणि सोडायचं नाही म्हणून सांगितलं.

मी तीन रात्री गोळी घेतलेली नाही. मुद्दामच. मग दुपारी ही मेल्यासारखी झोप येते कुठून? आज चहा नीट चव घेऊन प्यायले. गुळाच्या खाली कडू लागलं.

मला भीती वाटते आहे. हे लिहिताना हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

२७ मार्च

सूज उतरली. फडकं सोडलं. त्या गांधी नव्हत्या. हातावर हिरवं गोंदलं आहे, ताजं, खपल्या धरलेलं. वर तुळस आणि खाली नाव.

छबू.

२ एप्रिल

भगवानरावांना गाठलं. मी ओरडले, नोकरी सोडायची धमकी दिली, पोलिसांची दिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. काहीएक लपवलं नाही, तेच जास्त भयंकर.

कल्पना ताराबाईची. दुपारी मी गाढ झोपले, की चौघी मिळून मला उचलतात, छबूचं लुगडं नेसवतात आणि बायनाबाईच्या घरात नेऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवतात. ती केस विंचरते, गुळाचा खडा तोंडात घालते, गाणी म्हणते. दिवस कलला की परत आणतात. गोंदण म्हातारीनंच हट्ट धरून करवून घेतलं, कारण छबूच्या हातावर होतं. या सगळ्यानं तिच्या जिवाला थारा मिळतो आणि ती फाटक उघडते. हातापाया पडून म्हणाले, “पाऊस पडंस्तोवर ताई. एवढी जनावरं कसायाला जातील न्हाईतर. तुमाला झोपेत काय तरास हाय का?”

मला एकदम ती म्हैस आठवली. मी भुसा भरलेलं पारडू आहे! मी, वाईची शैलजा, संघाची पर्यवेक्षिका!

उद्या पहाटे चालत फाटा गाठणार.

४ एप्रिल

पोचले नाही. निम्म्या वाटेत पाय उचलेनासे झाले. बांधावर बसले, आणि जाग आली ती बायनाबाईच्या घरात. चहा मी ओतून दिला होता. भाकरीत होतं बहुतेक.

आता माझ्या खोलीत जाऊ देत नाहीत, इथेच ठेवलंय. ही वही माझ्या पिशवीत होती, ती राहिली. सकाळी जरा डोकं चालतं, तेव्हा लिहिते.

११ एप्रिल

जेवायचं नाही असं ठरवलं. बायनाबाई घास घेऊन समोर बसली. मी तोंड फिरवलं, तर तिनंही ताट सारलं आणि उठून फाटक लावलं. दिवसभर तहानेनं गुरं हंबरत होती. ताराबाई दारात येऊन रडली. गहिनीनाथ रडला. सगळे माझ्याकडेच बघत होते.

संध्याकाळी खाल्लं. काय करू? हंबरडा ऐकवत नाही.

१९ एप्रिल

तिचा हात मऊ आहे. हे लिहायचं नव्हतं — पण आहे. कपाळावरून फिरतो तेव्हा खाज थांबते, भीतीही थांबते. तिला ठाऊक आहे मी छबू नाही. एकदा कानाशी बोलली, “कुनाची का असंना.” त्या दिवसापासून मला तिची जास्त —

आईचा चेहरा आठवून पाहिला. वाईची आई. नाक आठवतं, कुंकू आठवतं. डोळे आठवत नाहीत.

ता. ठाऊक नाही

आरशात पाहिलं. तोंड सुजलंय, कपाळावरही गोंदलंय. आज झोपेत कुणी उचलून आत नेलं नाही मला. मीच चालत ओसरीवरून आत आले, मीच लुगडं नेसले — कधी शिकले?

गोळी लई कडू. आता गूळ न घालता देतात. मीच मागते म्हणे.

ऊन फार

हेमंत आलाय. माझा भाऊ. धाकटा. महिनाभर माझं पत्र नाही म्हणून वाईहून आलाय. अंगणात बसलाय, दाराच्या पलीकडे, मला त्याचे गुडघे दिसतात. भगवानराव त्याला सांगतायत की पर्यवेक्षिकाबाई काम सोडून मागेच गेल्या, बसमध्ये बसवून दिलं.

उठता येत नाही. जीभ जड झालीय. लिहिता येतंय तेवढं लिहिते, हा कागद त्याच्याकडे —

त्यानं आत पाहिलं! सरळ माझ्याकडे! डोईवर पदर, कपाळाला गोंदण, खाटेवर आजारी बाई. त्यानं चटकन नजर खाली घेतली. परक्या घरची बाई म्हणून. आमच्या आईनं असंच शिकवलंय त्याला — 

बायनाबाईनं त्याला पाणी दिलं. पाणी गोड आहे म्हणाला. तांब्या खाली ठेवला, उठला. चपला घालतोय.

हाक मारली. सगळा जीव घशात आणून मारली. हेमंत म्हणायचं होतं. तोंडातून आलं — आये.

बायनाबाई धावत आत आली. लेक बोलली, माझी लेक बोलली, म्हणून सगळ्या गावाला ओरडून सांगतीय. मला उराशी धरलंय, रडतीय. बाहेर फाटक सताड उघडलं. गुरं सुटली पाण्यावर, घंटाच घंटा, माणसं ओरडतायत, त्यात हेमंतचा आवाज — हाय का न्हाई — मी परत हाक मारते, नाव आठवलं की मार