चाळणीवालं घर

आई, यंदा दसऱ्याला तुझी पुरणाची चाळणी माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत टांगली. तीच, बुडाला चीर गेलेली. भांडेवालीला देऊन टाक म्हणून मी मागे लागले होते, तेव्हा झारा उगारून तू म्हणाली होतीस, "अन् घर कशावरून सापडंन वं मानसाले?" दसऱ्याला गावाकडची माणसं दीक्षाभूमीवर यायची नि आपल्याकडे उतरायची. गल्लीतली सगळी घरं सारखी, त्यांच्यावरचे झेंडेही सारखेच. तू चाळणी उपडी टांगून आत बल्ब सोडायचीस, कडेला वाकडे झालेले चमचे बांधायचीस, गळक्या किटलीत नाल्याकाठच्या कास गवताचे पांढरे तुरे खोवायचीस. वारा आला की चमचे वाजायचे, भिंतीवर उजेडाचे ठिपके हलायचे. "चाळनीवालं घर" म्हटलं की रिक्षावालाही बरोबर आणून सोडायचा.

तू गेलीस नि मावशीनं येणंच सोडलं. तुझी धाकटी बहीण, पण हट्ट तुझाच. मागच्या महिन्यात फोनवर म्हणते, "आता नागपुरात माहं कोन आहे वं? बहीन होती तं दार होतं." मग मी काय मेले? असा संताप आला! फोन ठेवला नि रडले. दुसऱ्या दिवशी मीच लावला, "मावशी, चाळणी टांगून ठेवते. तू ये."

तुझी नात खूश. जुन्या भांड्यांची सजावट म्हणे आता फॅशन आहे, मोबाईलवर बायका झाऱ्यांना सोनेरी रंग फासून राहिल्या. हीही ब्रश घेऊन बसली. मी खेकसले, "खबरदार! रंग फासला तर मावशी ओळखंन का?" पोरीनं ब्रश ठेवला. मग चमचे तिनंच बांधले, तुझ्यापेक्षा घट्ट, खोटं कशाला बोलू! तुरे काही मिळाले नाहीत, इथे शहराच्या कडेला, वाडीत, जिकडे तिकडे गोदामं. किटलीत झेंडू खुपसला.

संध्याकाळी गावची गाडी अमरावती रोडवर थांबली. "घ्याले येऊ नको, मी का लहान हाओ?" अशी ताकीद होती, म्हणून मी वरच उभी. मावशी काठी टेकत येते, एका बिल्डिंगपाशी थांबते, मान वर करते, पुढे निघते. माझा जीव टांगणीला. तेवढ्यात चमचे वाजले. ती आमच्या फाटकाशी थांबली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली, आणि ओरडली, "अक्का! आली वं मी!"

तू नाहीस हे विसरली होती, की सवयीनं तोंडून निघालं, मी विचारलेलं नाही. आता ती आत बसून नातीला चमचे कसे चुकीचे बांधलेत ते सांगून राहिली, आणि मी हे लिहिते आहे. पाठवणार कुठे, म्हणा! पण एक तुला सांगायलाच हवं. तिच्या हाकेला ओ मी दिली, आई. अगदी तुझ्यासारखी, "ये वं बाई, तुहीच वाट पाहून राहिली होती."