गाडी उभी आहे

मंगरूळपीर, प्रेसची चाळ
१२ मार्च १९५८

भोजाई धनीबाईला धाकटा दीर गोविंदसिंग पायावर डोकं ठेवून राम राम करतो. इकडे मी बरा आहे. पोरी बऱ्या असतील, म्हैस एव्हाना व्याली असेल.

हे पत्र मी दोन महिने टाळलं. तू तीन वेळा निरोप धाडलास, एकदा मानोऱ्याच्या बाजारातून, दोनदा मोटारीच्या कंडक्टरजवळ, आणि तिन्ही वेळा एकच विचारलंस. तुझ्या भावाने, भियाने, त्या दिवशी दारू घेतली होती का, तेवढं कळव. पहिल्यांदा मी म्हटलं, दौत रिकामी आहे. दौत भरली तेव्हा म्हटलं, होळी होऊन जाऊ दे. होळीला इथल्या तांड्याच्या पोरांनी लेंगी गायली, मी उठून विहिरीकडे जाऊन बसलो. त्यालाही आठ दिवस झाले.

उत्तर देतो. पण आधी गाडीचं सांगायला लागेल. गोविंदा भरकटला असं समजू नकोस, या वेळी तरी नाही.

गाडी म्हणजे ती शिंगवाली. तू पाहिली नाहीस. पुढे दोन लोखंडी शिंगं असतात, ती कापसाच्या गठाणीखाली घालायची आणि दांडा ओढला की गठाण घेऊन शिंगं वर चढतात. सहा हमालांचं काम एकटी करते. मुंबईच्या गोदीत मी सालभर होतो तेव्हा अशा गाड्या रोज पाहायचो. म्हणून आमच्या कापसाच्या प्रेसच्या मॅनेजर दौलतरावांना वाटलं, मला त्यातलं कळतं. मीही नाही म्हटलं नाही. भिया तेवढा हसला. म्हणाला, "साहेब, याले बैलाचं शेपूट कोणतं अन् कासरा कोणता ते समजत नाई, अन् तुमी याले गाडी पारखाले धाडता."

दोन कंपन्या होत्या, एक लाल आणि एक पिवळी. नावं इंग्रजी, माझ्या जिभेवर बसत नाहीत. लाल गाडी अकोल्याच्या तेलगिरणीत होती, ती मी नीट पाहिली. रंग उडालेला, ओझं उचलताना म्हातारीसारखी कण्हायची. पण तिचं दुकान अकोल्यातच. माझ्यासमोर तिचा पट्टा तुटला, तर तासाभरात दुकानातला फिटर सायकलला पिशवी लटकवून आला, नवा पट्टा चढवला आणि पान खाऊन गेला. पिवळीचं दुकान मुंबईला. आमच्याकडे तिचं नुसतं चित्र आलं होतं, चकचकीत, शिंगं लालपेक्षा दोन हात उंच जाणारी. खामगावच्या एका प्रेसमध्ये तसली एक होती. दौलतराव म्हणाले, "चित्रावर जाऊ नकोस. खामगावला जा आणि दोनच गोष्टी विचार. किती वेळा बिघडते, आणि बिघडली तर कोण येतं."

मी गेलो. मोटारीतून उतरलो तर सगळं गाव एकाच दिशेला पळत होतं. बाहेर शंकरपट लागला होता. बैलांच्या शर्यती म्हटल्यावर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आपले पणजे बैलांवर मीठ वाहायचे, ते याच्या रक्तात आहे, असं म्हणून भिया मला नेहमी सोडून द्यायचा. एक पांढरी जोडी होती, कपाळावर गुलाल, तिच्याविषयी मी तुला पानभर लिहीन. पण नको.

प्रेसच्या फाटकापर्यंत गेलो. आत नाही गेलो. फाटकावर चौकीदार बिडी ओढत होता, त्यालाच विचारलं.

"काहो बाबा, तुमची पिवळी गाडी कशी हाय?"

"उभी हाय ना."

"कईपासून?"

"तीन महिने झाले. उभीच हाय."

मी खूश झालो आणि पटाकडे पळालो.

भोजाई, तांड्यावर कोणी विचारलं तूर कशी आहे, तर आपण म्हणतो उभी आहे. म्हणजे कीड नाही, वाऱ्याने पडली नाही. वादळ झालं की एकमेकांना विचारतो, झोपडी उभी आहे ना? आपल्याकडे उभी म्हणजे चांगली. मी तेच ऐकलं. इंजिनवाल्या माणसाच्या तोंडी उभी म्हणजे बंद पडलेली, हे गोदीत सालभर राहूनही माझ्या डोक्यात आलं नाही. तो बापडा सांगत होता की गाडी तीन महिन्यांपासून मेलेली आहे.

परत येऊन मी दौलतरावांना तसंच सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "उभी म्हणजे?"

"म्हणजे झकास, साहेब."

आणि कोण येतं, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हटलं, बिघडतच नाही तर येईल कोण. सगळे हसले. मीही हसलो.

दिवाळीनंतर पिवळी आली. मार्गशीर्षात तिचं तेल गळायला लागलं. आतला एक रबरी वायसर गेला होता, बोटभर मोठा. त्यामुळे उचललेली गठाण आपोआप खाली सरकायची. मुंबईला तीन पत्रं गेली, एक तार गेली. मिस्त्री दौऱ्यावर आहे, असं उत्तर आलं. लालवाल्यांकडे पिवळीचा वायसर नव्हता. भियाने दौलतरावांना तोंडावर सांगितलं, "साहेब, जनावर थकलं हाय. जू उतरवा त्याच्या मानेवरचं." ते म्हणाले, मालट्रक खोळंबलेत, आठ दिवस चालवून घ्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिया शिंगांखाली वाकून खालच्या गठाणीची पट्टी सरळ करत होता. मी पंधरा पावलांवर होतो. रोज शिंगं हळूहळू सरकायची. त्या दिवशी एकदम आली. पुढचं तू कापड बाजूला करून पाहिलंस.

मुंबईचा मिस्त्री अकराव्या दिवशी आला. पंधरा मिनिटांत वायसर बसवला. चांगला माणूस होता, मला म्हणाला, आधी कळवायचं ना.

आता तुझं उत्तर. नाही. भियाने घेतली नव्हती. पोहरादेवीला देवीसमोर त्याने सोडली, ती सोडलीच. त्या सकाळी आम्ही दोघं एका ताटात जेवलो, भाकर आणि संक्रांतीचे उरलेले लाडू. त्याच्या तोंडाला तिळाचा वास होता. दुसरा कोणताही नव्हता.

मग अपघाताच्या कागदावर दारू कशी आली, असं तू म्हणशील. कागद दौलतरावांनी लिहिला. मजूर नशेत असल्याने अपघात घडला. साक्षीला कोणीतरी हवं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "चौकशी झाली तर पहिला प्रश्न येईल, गाडी कोणी पसंत केली." मी सही केली. भियाने ढोरं राखली म्हणून मी तीन इयत्ता शाळेत बसलो. तिथं शिकलेल्या अक्षरांनी मी त्याला दारुडा ठरवलं.

हे पत्र सेवालाल मास्तरांकडून घरात वाचून घेऊ नकोस. बाबूसिंग नाईकांच्या अंगणात, सगळा तांडा बसवून वाचायला लाव. भियाने, मदनसिंगाने, देवीला दिलेलं वचन मोडलं म्हणून देवीने नेलं, असं जे तुझ्या तोंडावर बोलले, ते पुढे बसले पाहिजेत. मी उद्या कचेरीत जाऊन खरं लिहून देतो. माझं उद्या कसं असतं ते तुला माहीत आहे, म्हणून ते तुझ्याजवळ लिहून ठेवतो.

इथवर लिहून मी पाकीट शोधत होतो, तर फाटकावरचा गुलाबसिंग सांगत आला, "गोविंदा, तुही भावजय आली हाय. एकटीच हाय. तुलेच विचारून राह्यली." मला खरं वाटलं नाही. तू कधी मानोऱ्याच्या पुढे आली नाहीस. खिडकीतून पाहिलं, तर तू गठाणींच्या थप्पीकडे तोंड करून बसली आहेस, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला.

तुला वाचता येत नाही आणि मास्तर इथं नाहीत. म्हणजे हे मलाच वाचून दाखवावं लागेल, तुझ्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून. कागद घेऊन बाहेर येतो आहे.

भियावर खोटी सही करणारा,
तुझा दीर
गोविंदसिंग