सुमनचं पथ्य

मंगळवार, संध्याकाळ. दादर

सुमनच्या केमोची तारीख दोन आठवडे पुढे गेली. माझ्यामुळे.

स्तनाचा कर्करोग पसरवण्यात एका एन्झाइमचा हात असतो, जे प्रथिन पेशीत मोडून जायला हवं त्यालाच ते वाचवतं, असं मी पेपरात वाचलं. बी.एस्सी. ना मी! खाण्यातलं प्रथिनच बंद केलं की रोग उपाशी मरेल, असं ठरवून सुमनची, माझ्या नणंदेची, अंडी, डाळ, बांगडा, सगळं बंद केलं. महिनाभर नुसती पेज आणि दुधी. "वहिनी, एक तुकडा तरी दे गो," म्हणायची. मी दटावायचे.

आज परळला इस्पितळात डॉक्टरीणबाईंना त्या एन्झाइमचं विचारलं. "ते पेशीच्या आतलं काम, काकू. जेवणातली प्रथिनं बंद करून ते थांबत नाही. उलट आता प्रथिनं जास्त हवीत. या इतक्या खंगल्या कशा? अशा अंगाला केमो झेपणार नाही, दोन आठवडे थांबू."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. "मलाच जेवण जात नाही हो," म्हणाली.

मी कागद पिशवीत भरायला लागले. तोंड उघडायला काय झालं होतं मला?

घरी येऊन बांगडा तळला. दोन घास खाऊन तिने ताट सरकवलं. "वास नको वाटतो आता, वहिनी."

उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. पथ्य माझं होतं, हे सुमनसमोर बसून सांगायचं.