जळक्या टेपने मोजलेले घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, उंची चार फूट साडेपाच इंच, धंदा शिवणकाम, राहणार याच दोन खोल्यांत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह ठीक आहे आणि हे मृत्युपत्र करण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. हे करू नये म्हणून मात्र आणले गेले. उंची लिहायची गरज नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, इथे आहे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. घर.

हे घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतून, लोकांचे कपडे शिवून घेतलेले आहे व माझ्या एकटीच्या नावावर आहे. सासरचे म्हणावे असे त्यात ओटा आणि एक जेवणाचे टेबल आहे, त्यांची हकीकत पुढे येईल.

माझ्या पश्चात या घरात माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, हयात असेपर्यंत राहावे. वन्सं या माझ्या पतीच्या धाकट्या बहीण. लग्न केले नाही, शाळेच्या कचेरीत कारकुनी केली आणि सेहेचाळीस वर्षे माझ्याशी भांडत आमच्याकडेच राहिल्या. आमचे पटते म्हणून मी त्यांना घर देत आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आमचे पटत नाही.

वन्संच्या मागे घर माझ्या मुलाला मिळावे. मात्र त्यांच्या हयातीत त्याने त्यांना येथून हलवले, किंवा सामानातली एक वस्तू जरी बाहेर काढली, तर घर त्याला न मिळता मुलींच्या शिवणवर्गाला मिळावे. मी तिथे वीस वर्षे शिकवले आहे. त्या पोरींना जागेची नड आहे आणि त्यांना मोठी फर्निचरची दुकाने चालवायची नाहीत.

असे कडक का लिहिते, ते सांगते. गेल्या महिन्यात मुलगा आणि सूनबाई आले. मुलगा अशाच एका दुकानात व्यवस्थापक आहे. तिथे सोफ्यांचे सेट सगळ्या माणसांना एकाच मापाचे विकतात. चहा व्हायच्या आत त्याने खिशातून लोखंडी टेप काढली आणि माझ्यादेखत माझा ओटा मोजायला लागला. त्याचे सगळे ठरलेले होते. ओटा पाडून नेहमीच्या उंचीचा करायचा, सामान भंगारवाल्याला द्यायचे, घर भाड्याने लावायचे. मी त्यांच्याकडे जायचे. आत्यासाठी त्याने एक चांगली जागा पाहून ठेवली होती, तिथे म्हणे नर्स असतात. आत्या दारातच उभी होती, पण तिला कोणी विचारले नाही.

मी नाही म्हटले. तेव्हा तो म्हणाला, "आई, हे सगळं फक्त तुझ्या मापाचं आहे. तुझ्यानंतर याचा कोणाला उपयोग?"

याचे उत्तर मी आता कायदेशीर लिहून ठेवत आहे.

कलम दोन. ओटा.

लग्न होऊन मी आले तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो. ओटा लाकडी, वर पत्रा ठोकलेला, सासरच्या ताडमाड माणसांसाठी केलेला. मी खोका पालथा घालून त्यावर उभी राहून स्वयंपाक करायची. एकदा आधणाचे पातेले उतरवताना खोक्यावरून पाय घसरला आणि डावे पाऊल भाजले. डाग अजून आहे. पतींनी दुसऱ्या दिवशी मोठा खोका आणून दिला. वन्सं म्हणाल्या, उंचीला कोण काय करणार. मी पडल्या पडल्या विचार केला की माणसाचे पाय वाढवता येत नाहीत, पण लाकडाचे कापता येतात. पाऊल बरे झाल्यावर मी सुताराला बोलावले.

सुतार तेव्हा नवखा होता आणि त्या दिवशी स्वतःची टेप विसरून आला होता. त्याने किती उंची ठेवू विचारले. वन्सं शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मला लाज वाटली. माझ्या मनात तीस इंच होते, तोंडातून बत्तीस निघाले. लोकांना फार खाली दिसू नये, एवढाच हिशेब.

सुताराने माझीच टेप उचलली. तिचे पहिले दोन इंच इस्त्रीखाली जळाले होते. मी ती टाकली नव्हती, आकड्यातून दोन वजा करून माप घ्यायची आणि हाताला त्याची सवय झाली होती. सुताराला हे ठाऊक नव्हते. त्याने जळके टोक जमिनीला लावले, बत्तिसावर खूण केली, तिथे पाय कापले, आणि ओटा भरला बरोबर तीस. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे कोपर सैल राहिले. सुताराला चूक कळली तेव्हा त्याने कान पकडले. मी म्हटले, यापुढे या घरातले प्रत्येक माप याच टेपने घ्यायचे. लाजून सांगितलेल्या आकड्यातले दोन इंच ती आपोआप उडवते.

हे घर घेतले तेव्हा तो ओटा उचलून इथे आणला. तो वन्संसाठी आहे तिथेच राहावा. अलीकडे त्यांची पाठ वाकली आहे. त्या रोज सकाळी त्याच ओट्यावर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात आणि पाठ या ओट्यामुळेच वाकली, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. सांगू देत. नेहमीच्या ओट्यापुढे त्यांना उभे केले तर हात खांद्याच्या वर न्यावा लागेल आणि दोन दिवसांत त्या दुसऱ्याच्या ताटाची वाट पाहत बसतील. कोणाची वाट पाहत बसणारी बाई नाही ती.

कलम तीन. खाट.

मोठी खाट सकाळी भिंतीला उभी होते. तिच्या पाठीवरची फळी खाली सोडली की कापड बेतायचे टेबल होते. एका खोलीत झोपायचे आणि धंदाही करायचा, तर दुसरे काय करणार. टेबलाची उंची माझ्या मापाची आहे, खाटेची लांबी मात्र पतींच्या सहा फुटांची आहे. सूड उगवायचा म्हटले तरी माणसाचे पाय बाहेर ठेवून झोपवण्याइतकी मी वाईट नाही. ते गेले ते याच खाटेवर, नीट पाय पसरून. शिवणयंत्र त्याच्या बुटक्या घोडीसह, म्हणजे खालच्या स्टँडसह, शिवणवर्गाला द्यावे. बँकेतली शिल्लक वन्संना.

कलम चार. सोफा.

मुलाने माझ्या सत्तरीला दिलेला सोफा त्याचा त्याला परत करावा. सामानाबद्दलची अट सोफ्याला लागू नाही. त्यावर बसले की माझे पाय लोंबकळतात. सत्तर वर्षांच्या बाईला लोंबकळणारे पाय घेऊन पाहुण्यांशी बोलता येत नाही. प्लास्टिक काढलेले नाही, त्यामुळे दुकानात परत घेतील.

कलम पाच. पायऱ्यांचे कपाट.

या कपाटाचे खालचे चार खण ओढले की त्यांच्या पायऱ्या होतात आणि माझा हात सगळ्यात वरच्या फळीला पोहोचतो. वन्संच्या मागे हे कपाट मुलाला द्यावे आणि त्याने ते विकू नये. त्याने सगळा अभ्यास तिसऱ्या पायरीवर बसून केला. लाकडावर त्याची पेन्सिलीतली गणिते आहेत, दोन चुकलेली.

इथे एक जुनी गोष्ट लिहून टाकते. तो दहावीत असताना मित्रांना घेऊन आला. मी आत होते, त्याला ठाऊक नव्हते. मित्रांनी माझी बुटकी खुर्ची पाहून विचारले, ही कोणाची? तो म्हणाला, शेजाऱ्यांच्या लहान मुलीची. मला फार लागले. मी पोहे होईपर्यंत रडले आणि मग ते पोरांना खायला घेऊन बाहेर गेले, त्याच खुर्चीवर बसले आणि ती जाईपर्यंत उठले नाही. त्याची मान खाली होती. मी त्याला कधी बोलले नाही. कपाट देते आहे, म्हणजे माफ केले असे समजावे. सोफा परत करते आहे, म्हणजे पूर्ण केले नाही असेही समजावे.

कलम सहा. सासूबाईंचे टेबल.

सासूबाई गेल्यावर त्यांचे टेबल आमच्याकडे आले. त्यावर जेवताना ताट माझ्या हनुवटीशी यायचे. वर्षभर काढले आणि मग सुताराला बोलावून त्याचे चारही पाय चार चार इंच कापले. करवत चालली तेव्हा पतींनी टेबल घट्ट धरून ठेवले. त्यांनी माझ्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

वन्संनी ते चार ठोकळे जमिनीवरून उचलले, पदराने पुसले आणि आपल्या खाटेच्या पायांखाली लावून खाट उंच केली. आईचं टेबल छाटलं, आता आईची उंची मी राखते, असे त्या पतींना म्हणाल्या. माझ्याशी अकरा महिने बोलल्या नाहीत. अबोला मोडला तेव्हाचे पहिले शब्द होते, भाजीत मीठ कमी आहे. कमी नव्हते.

टेबल वन्संना द्यावे. तसे ते त्यांचेच होते.

कलम सात. टेप.

मुलगा मोजून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बटणांची काजे करत बसले होते. वन्सं आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. मला वाटले, आता ओट्यावरून सुरू होणार.

त्या म्हणाल्या, "वहिनी, माझं माप घ्या."

मी ब्लाउजचे कापड कुठे आहे विचारले.

"ब्लाउजचं नाही. खाटेचं. आठ दिवस झाले, मी खाटेवर चढू शकत नाही. खाली सतरंजीवर झोपते."

पदराखालून त्यांनी ते चार ठोकळे काढले आणि माझ्या मशीनवर ठेवले. चाळीस वर्षांत कडा झिजून गोल झाल्या होत्या. मला वाईट वाटले. एकाच घरात राहून आठ दिवस मला पत्ता नव्हता, आणि ज्या बाईला मी सेहेचाळीस वर्षे मान वर करून पाहिले तिचे डोळे आता माझ्या डोळ्यांसमोर होते. ठोकळे काढूनही खाट उंचच होती, म्हणून सुताराला बोलावले. त्याने किती उंची ठेवायची विचारले.

वन्संनी माझ्याकडे पाहिले नाही. "अठरा ठेवा," म्हणाल्या. "अगदीच पाटासारखं नको दिसायला."

सुताराने माझ्याकडे पाहिले. स्वतःची टेप त्याच्या खिशात होती. मी जळकी टेप त्याच्या हातात दिली.

खाट सोळा भरली आहे. वन्सं त्यावर बसतात तेव्हा त्यांची टाच जमिनीला टेकते आणि अठराच योग्य होते, असे त्या मला सुनावतात. मी हो म्हणते. मुलाने विचारले होते, याचा कोणाला उपयोग. त्याचे उत्तर त्या खाटेवर बसलेले आहे.

ही टेप मी वन्संना देते. हे वाचले की तिचे गुपित त्यांना कळेल आणि त्या पुन्हा अकरा महिने बोलणार नाहीत. पण तेव्हा मी नसेन, त्यामुळे त्यांचा अबोला वाया जाईल. वन्संच्या मागे टेप मुलाला द्यावी. त्याला आज ना उद्या लागेलच.

कलम आठ. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी वकीलबाईंना नेमते. ज्याला यातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे त्यांनी सांगितले. मला सुताराला हत्यारांची पेटी करून द्यायची होती. त्याला विचारले, पेटी की सही? तो म्हणाला, "ताई, इतक्या वस्तू केल्या, एकीवरही नाव नाही माझं. सही द्या."

साक्षीदार:
१. सुतार, वय अडुसष्ट. सही केली.
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई. मला तपासून व माझ्याशी अर्धा तास वाद घालून, बुद्धी शाबूत असल्याची खात्री करून सही केली.

स्थळ: राहते घर, कापड बेतायचे टेबल.
दिनांक: १९ जून २०२४, बुधवार.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला असून तो मला मान्य आहे. माझ्या खुर्चीवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मी ही सही करीत आहे.