दोन काचा, नाव एकीवरही नाही

७ नोव्हेंबर
नवसूभाऊ थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेतच आले! पवना धरणात मासे धरतात ते. जाळ्यात अडकलेल्या फांदीवर हिरवट स्पंज — मी सांगून ठेवलेला प्राणी. "बाई, ह्यो बगा तुमचा जीव. लय घान मारतो." जिवंत आहे — गोड्या पाण्यातला!

पाण्यात शाईचे कण सोडले. तासाभरात स्पंजातल्या भटक्या पेशींनी ते गिळले. तोंड नाही, पोट नाही, रक्त नाही — पण गिळणारी पेशी आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना अशाच गिळतात. किती जुनं हे? साठ कोटी वर्षं तरी. आधी नुसतं खाण्यासाठी असेल, राखण मागाहून आली असेल. डोकं थांबत नाही.

८ नोव्हेंबर
तुलनेसाठी काल माझं बोट टोचलं होतं. नवसूभाऊंनीही हौसेनं पुढं केलं — "माजंबी बगा की!" रक्ताच्या दोन काचा. आज रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एक ठीक. दुसरीत पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी — कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या, रक्ताच्या कर्करोगात दिसतात तशा. तीनदा पाहिलं. आणि काचांवर नावं घातलेली नाहीत. वीस वर्षं मुलांना ओरडते मी यावरून!

१० नोव्हेंबर
रक्त तपासायला गेले. लॅबच्या दारातून परत आले.

११ नोव्हेंबर
सुहासला सांगितलं. नवरा माझा, शांत माणूस. "आधी तुझं तपासू. त्यांना उगाच कशाला घाबरवायचं?" पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. ती काच माझी नसावी — असं म्हणते तेव्हा ती नवसूभाऊंच्या माथी मारते मी! दोघंच तर आहोत. पोळ्या लाटताना, वर्गात, वलवणच्या रस्त्यावर — तेच तेच.

१२ नोव्हेंबर
दिलं रक्त. संध्याकाळी फोन — "मॅडम, सगळं नॉर्मल." हसले. मोठ्यांदा! आणि लगेच कळलं — म्हणजे ती काच नवसूभाऊंची.

१३ नोव्हेंबर
सकाळीच जीपनं पवनानगर. नवसूभाऊ ओट्यावर पडलेले. त्यांची बायको हिरी म्हणाली, "म्हयना झाला, अंगात ताकदच न्हाई. डाव्या अंगाला पोट जड म्हंत्यात."

सगळं सांगितलं. पाच दिवस मी गप्प राहिले, तेही. नवसूभाऊ उठून बसले. मग म्हणाले, "बाई, मलाबी पयलं माजंच सुचलं आसतं."

मला रडू आवरेना. हिरीनंच पाणी दिलं. मला!

दुपारी सुहास गाडी घेऊन आला. नवसूभाऊंना पुण्याला नेलं.

२५ नोव्हेंबर
रक्ताचा कर्करोगच. पण सावकाश वाढणारा, आणि लवकर हाती लागलेला. "रोज एक गोळी. बहुतेक जन्मभर," डॉक्टर म्हणाले.

नवसूभाऊ माझ्याकडं वळले. "मंजी... जगतो व्हय मी?"

"व्हय," मी म्हणाले.